ऐकलेले आणि कोरलेले : आपल्या पंचक्रोशीतील स्थळे व आख्यायिका

देवालयाच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले, तेव्हा स्मरणिकेसाठी गावाचा थोडा इतिहास लिहून द्यावा, असे आम्हांस सांगण्यात आले. काम सोपे वाटले. वही घेऊन आम्ही चार वडीलधाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसलो. पहिलाच प्रश्न विचारला, तो जुने देऊळ कोणी आणि कधी बांधले हा. एकजण म्हणाले, पेशवाईत. दुसरे म्हणाले, छे, त्याच्याही आधी, आंग्र्यांच्या अमलात. तिसऱ्यांनी सांगितले, "आमच्या आज्याच्या आज्यान ह्यां देऊळ असाच बघल्यान." चौथ्या घरी एक वयोवृद्ध आजी होत्या. त्या हसून म्हणाल्या, "देवाचा वय कोण इचारता रे झिला?"

आजींचे म्हणणे खरे आहे. देवाला वय नाही. पण देवळाला आहे, आणि ते आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या पायरीवर आपण डोके टेकले, ती कोणत्या हातांनी घडविली, पैसा कोठून आला, दगड कोणत्या खाणीतला, याची एक ओळही कोठे लिहिलेली आढळली नाही. दिर्बादेवी-रामेश्वराच्या या गावात आपण जन्मलो, वाढलो, पोटासाठी मुंबईस गेलो, आणि गावाची कथा मात्र तोंडातोंडी जेवढी उरली तेवढीच उरली.

मग आम्ही ठरविले की आपल्या आसपास काय काय सांगितले जाते आणि काय काय कोरलेले अथवा लिहिलेले सापडते, ते शेजारी शेजारी मांडून पाहावे. आपले मुंबईकर बंधू मे महिन्यात, गणपतीत मुलाबाळांसह गावी येतात. मुले आंबे खातात, समुद्रात डुंबतात आणि परत जातात. त्यांना चार दिवस हिंडवून आणावयाचे तर कोठे न्यावे आणि काय सांगावे, यासाठीही हा लेख उपयोगी पडावा.

देवगडचा किल्ला

पहिली संध्याकाळ जवळच घालवावी. जामसंड्याहून देवगड ते किती लांब! आता तर दोन्ही गावांची मिळून एकच नगरपंचायत आहे. बंदराच्या तोंडाशी, तीन बाजूंनी पाणी असलेल्या टेकाडावर किल्ला आहे. तो १७०५ च्या सुमारास आंग्र्यांनी बांधला, आणि एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल इमलॅकने तो घेतला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. आत गणपतीचे देऊळ आहे, दीपगृह आहे. तटावरून खाली पाहिले की बंदरात होड्या का सुरक्षित राहतात हे पोरासोरांनाही उमगते. किल्ला बांधणाऱ्याने हेच पाहिले होते.

देवगडच्या किल्ल्याविषयी मोठ्या आख्यायिका नाहीत. कदाचित म्हणूनच तो थोडा उपेक्षित राहिला. ज्या जागेला गोष्ट नाही तिच्याकडे माणसे वळत नाहीत. यातून आम्ही पहिला धडा घेतला, तो असा की आख्यायिकेला हसू नये. ती जागेला जिवंत ठेवते.

कुणकेश्वर

दुसरा दिवस कुणकेश्वराचा. दक्षिण कोकणची काशी म्हणून ज्याची ख्याती, ते हे शंभूचे ठिकाण अगदी समुद्रालगत आहे. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते आणि आसपासच्या गावांच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानास येतात.

येथली आख्यायिका सर्वांना पाठ आहे. एक अरब, कोणी म्हणतात इराणी, व्यापारी गलबत घेऊन जात असता वादळात सापडला. रात्रीच्या अंधारात किनाऱ्यावर त्याला एक दिवा मिणमिणताना दिसला. वाचलो तर त्या दिव्याच्या जागी मोठे देऊळ बांधीन, असा त्याने नवस केला. तो वाचला, आणि त्याने शब्द पाळून देऊळ बांधले. पण परधर्माचे देवालय बांधले म्हणून आपले लोक आता आपल्याला जवळ करणार नाहीत, हे जाणून त्याने कळसावरून उडी घेऊन प्राण दिला. देवळाजवळच त्याची कबर दाखवितात.

ही गोष्ट कोणत्या शतकात घडली, घडली की नाही, हे सांगणारा लेख नाही. परंतु गोष्टीच्या पोटात काय आहे ते पाहावे. या किनाऱ्यावरून अरबस्तान-इराणची गलबते जात होती, येथे थांबत होती, आणि त्यांतील परक्या माणसाला येथल्या माणसांनी आपल्या देवाच्या कथेत जागा दिली. ही समुद्राची वाहतूक कल्पनेतली नव्हती. तिचा लेखी पुरावा आपल्या शेजारीच निघाला आहे. तो कोणता, हे शेवटच्या दिवशी पाहू.

विजयदुर्ग आणि साहेबाचे ओटे

तिसरा दिवस उत्तरेकडे, पडेल कॅन्टीनवरून गिर्ये व विजयदुर्ग. हा पूर्ण दिवसाचा प्रवास समजावा. शिदोरी बरोबर घ्यावी.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला असे मानतात. गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. छत्रपती शिवाजी महाराजांनी तो घेऊन बळकट केला व विजयदुर्ग हे नाव दिले. पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे झाले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांची गलबते जाळून किल्ला घेतला. या लढाईत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये. आपसातल्या वैराने मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच डोळ्यांदेखत जळाले. त्याच वर्षी किल्ला पेशव्यांकडे आला, धुळपांनी तेथून पुन्हा आरमार उभे केले, आणि १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे रेंजर हे जहाज पकडले. १८१८ मध्ये सर्वच संपले. गिर्ये येथे खाडीकाठी कातळ फोडून केलेली गोदी आजही पाहावयास मिळते. ती ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद असल्याचे गॅझेटियर सांगते. गिर्ये येथील रामेश्वराचे दर्शन घेऊन, कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांची समाधी पाहून पुढे जावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या जिल्ह्याचे दोन किल्ले आहेत.

किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवितात. लहानपणी आजोबांचे बोट धरून आम्ही ते प्रथम पाहिले. आजोबांनी सांगितले, "हय बसान सायबान सूर्यार नवो वायू सोदून काडल्यान." १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबाने याच ओट्यांवरून दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, ही ती प्रसिद्ध कथा. आम्ही ती पुढे कित्येक मुलांना अभिमानाने सांगितली.

मोठेपणी वाचनात आले ते निराळे निघाले. १८६८ चे ग्रहण हिंदुस्थानात दिसले हे खरे. त्यासाठी फ्रान्सचे जान्सन गुंटूरला बसले होते, इंग्रज निरीक्षक जमखंडी, विजापूर येथे होते. लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडातच होते. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, स्वतःच्या वर्णपटदर्शक यंत्राने सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा तपासली, आणि ती पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची असावी असे पुढे मत मांडले. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते रॅम्से यांना १८९५ मध्ये सापडले.

मग आजोबा खोटे बोलले काय? मुळीच नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण झाले. त्याची छाया आपल्याच किनाऱ्यावरून गेली. त्यावेळी सर नॉर्मन लॉकियर खरोखरच विजयदुर्गास आले होते. मेल्पोमेनी या युद्धनौकेचे खलाशी त्यांनी हाताशी घेतले, त्यांना यंत्रे कशी चालवावयाची ते शिकविले, आणि विजयदुर्गावर मोठा तळ देऊन ग्रहण पाहिले. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे प्रा. नायगमवाला जेऊरला गेले होते. तेव्हा साहेब आला, दुर्बिणी लागल्या, हे सारे गावाने डोळ्यांनी पाहिले होते. ओटे त्या तळाचे असावेत हे मानणे अधिक सयुक्तिक. शोध आधीचा, भेट नंतरची. लोकांच्या आठवणीत दोन्ही एकत्र झाली, एवढेच. १८ ऑगस्टला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो, तो आनंदाने व्हावा. पण २२ जानेवारीचीही आठवण त्या मुलांना द्यावी, कारण तो दिवस तर पूर्णपणे विजयदुर्गाचा आहे.

तीस वर्षांची ही चूक कशी झाली? १८९८ साली जे गावकरी तेथे हजर होते त्यांपैकी कोणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, त्या ओट्यावर एक तारीख कोरली असती, तर झाली नसती.

कोटकामते, आचरे आणि कुडोपी

चौथा दिवस दक्षिणेकडे. आपल्याच तालुक्यात कोटकामते येथे भगवतीचे देऊळ आहे. कान्होजी आंग्र्यांनी लढाईपूर्वी देवीला नवस केला व जय मिळाल्यावर देऊळ बांधले, असे सांगतात. येथे मात्र नुसती सांगी नाही. देऊळ कान्होजी आंग्रे सरखेल यांनी बांधल्याचा शिलालेख तेथे आहे. नवसाची गोष्ट कानाने ऐकावी, आणि बांधणाराचे नाव डोळ्याने वाचावे. अडीचशेहून अधिक वर्षे झाली, पण कोटकामतेकरांना आपल्यासारखे चार घरी विचारीत फिरावे लागत नाही.

पुढे मालवण तालुक्यात आचरे. तेथील रामेश्वराची गावपळण प्रसिद्ध आहे. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल मिळाला की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसह वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री रानात खोपटी घालून राहतो, आणि कौल झाला की परत येतो. ही चाल का पडली याची उत्तरे अनेक. पण चाल स्वतः मोडलेली नाही. दगडावर नव्हे, तर माणसांच्या पायांनी लिहिलेला हा लेख म्हणावा.

त्याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत. लेखनविद्या येथे येण्याच्याही आधीची, असे जाणकार म्हणतात. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यात कुडोपी आहे. विद्वान मंडळी येण्यापूर्वी गावकऱ्यांनी या जागेला नाव ठेवले होते, 'बाहुल्यांचे टेंब'. चित्रे कोणी काढली हे ते विसरले, पण चित्रे आहेत हे नावात जपून ठेवले. तोंडी परंपरेचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही या एका नावात आहेत.

पोंभुर्ले, कुवळे आणि खारेपाटण

शेवटचा दिवस आतल्या बाजूस. पोंभुर्ले हे दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचे गाव. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी दर्पण हे पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले, म्हणून तो दिवस पत्रकार दिन होतो. हे बहुतेकांस ठाऊक आहे. कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले, आणि जुने ताम्रपट व शिलालेख वाचण्यातही ते निष्णात होते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे.

विजयदुर्गाच्या खाडीच्या वरच्या अंगाला खारेपाटण आहे. एकेकाळी गलबते तेथवर जात. तेथे शिलाहार राजा रट्टराज याचा तीन पत्र्यांचा ताम्रपट सापडला. तो शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा. मुंबईत विद्वानांच्या नियतकालिकात तो पहिल्यांदा वाचून छापला, तो पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्र्यांनी. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी तो पुन्हा तपासला. आणि १९७७ मध्ये शिलाहारांचे सर्व लेख एका ग्रंथात संपादून ज्यांनी तो पुन्हा प्रसिद्ध केला, ते महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी हे आपल्याच तालुक्यातील कुवळे गावचे, जन्म १८९३. एकाच खाडीकाठचा ताम्रपट, आणि तो वाचणारे पहिले पंडित व सर्वांत अलीकडचे थोर पंडित, दोघेही आपल्याच तालुक्याचे सुपुत्र! आम्हांस हे कळले तेव्हा ऊर भरून आला.

आता त्या ताम्रपटात काय आहे ते ऐकावे. रट्टराजाने अव्वेश्वर नावाच्या शिवालयास तीन गावे दिली. कशासाठी? देवाच्या पूजेसाठी, तपस्व्यांच्या अन्नवस्त्रासाठी, आणि देवालय चांगल्या स्थितीत राखण्यासाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी. शिवाय परमुलखातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचे एक गद्याण देवास द्यावे, असे ठरविले. देवाच्या सेवेस तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे लावून दिली.

वाचकहो, हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखात एका देवळाच्या दुरुस्तीची तजवीज झाली आणि तिचा पैसा समुद्रावरच्या वाहतुकीतून यावयाचा होता. कुणकेश्वरच्या व्यापाऱ्याची गोष्ट आता पुन्हा आठवावी. परमुलखाच्या गलबतांचे सोने या किनाऱ्यावरच्या देवळांना लागत होते, हे तांब्यावर लिहिलेले आहे. नवस करणारा तो एक माणूस खरा असो वा नसो, त्याच्यासारखी माणसे खरी होती. आणि आज आपल्या मंदिराला जो पैसा लागला, तोही बहुतांशी बाहेरगावी, समुद्रापलीकडे कष्ट करणाऱ्या आपल्या माणसांचाच नाही काय? तेव्हाही माळी, कुंभार, तेली, परीट यांच्यावाचून देऊळ चालत नव्हते. आजही गवंडी, सुतार, रंगारी आणि डोक्यावरून चिरे वाहणाऱ्या आयाबहिणी यांच्यावाचून ते उभे राहिले नाही.

आपले मंदिर

या सर्व हिंडण्यातून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ऐकलेले जपावे, कारण त्यात सत्याचा कण असतो. पण त्याच्या शेजारी कोरलेलेही असावे, नाहीतर तो कण कोणत्या वर्षाचा हे पुढच्यांना कळत नाही. अव्वेश्वराच्या देवळाची आठवण आज आपल्याला आहे ती ताम्रपटामुळे. आपल्या जुन्या देवळाची कथा हरवली, कारण कोणी लिहिली नाही. आपल्या हापूसलासुद्धा २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते नुसत्या चवीवर नव्हे. लेखी पुरावे जोडावे लागले.

यास्तव ग्रामस्थांस व देणगीदारांस आमची विनंती आहे. नव्या मंदिराच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागेलच. तिच्यावर मोठ्या देणगीदारांची नावे असावीत हे योग्यच. पण तेवढ्यावर थांबू नये. एक जाड बांधणीची वही करावी. काम कधी सुरू झाले, कधी पुरे झाले, चिरा कोणत्या खाणीचा, लाकूड कोठले, मूर्ती अथवा कळस कोणी घडविला, एकूण खर्च किती, हे तिच्यात लिहावे. ज्याने अकरा रुपये दिले त्याचेही नाव घालावे. ज्याने पैसा न देता चार दिवस अंगमेहनत केली, त्याचे तर अवश्य घालावे. जुने देऊळ कसे होते, खांब किती, गाभाऱ्याचा दरवाजा केवढा, हे ज्यांना आठवते त्यांच्या तोंडून उतरून घ्यावे. ज्याच्या घरी जुने फोटो असतील त्याने त्यांची प्रत द्यावी. वहीची एक प्रत देवळात, एक शाळेत आणि एक मुंबई मंडळाकडे राहावी.

आणि त्या वहीची पहिली काही पाने आख्यायिकांसाठी राखावीत. देवाच्या, चाळ्याच्या, राखणदाराच्या, ज्या ज्या ठाऊक असतील त्या. फक्त वर एवढे लिहावे की ही ऐकीव गोष्ट आहे, अमक्याने अमक्या साली सांगितली. गोष्टीचा मान त्याने कमी होत नाही.

हे काम घाईचे आहे. ज्या चार घरी आम्ही वही घेऊन गेलो, त्यांतील वयोवृद्ध आजी हा लेख छापून येण्यापूर्वीच देवाघरी गेल्या. त्या आणखी काय काय सांगू शकल्या असत्या ते आता कळावयाचे नाही. त्यांचे एक वाक्य मात्र या पानावर राहिले.

आणखी शंभर-दोनशे वर्षांनी हे देऊळही जीर्ण होईल. तेव्हाचे गावकरी पुन्हा जीर्णोद्धारास उभे राहतील, आणि कोणीतरी विचारील, हे देऊळ कोणी बांधले? त्याला चार घरी चार उत्तरे मिळू नयेत. वही उघडून त्याने आपली सर्वांची नावे वाचावीत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो. होय म्हाराजा!